तीन तांबे आणि एक रकाना

बत्तीस वर्षं मी लोकांचे रकाने भरले. कुणाचा बाप कोणत्या साली वारला, कुणाच्या बांधावर कुणाची बाभळ उभी आहे, कुणाची म्हैस कुणाच्या ज्वारीत शिरली आणि ती चुकून शिरली की शिकवून सोडली, हे सगळं मी सरकारी उर्दूत, वळणदार अक्षरात लिहून काढलं. गेवराईच्या तहसील कचेरीतला पेशकार म्हणून माझा असा लौकिक होता की, एखाद्याला स्वतःच्या शेताच्या चतुःसीमा आठवेनाशा झाल्या तर तो शेतावर न जाता माझ्याकडे येई. असा मी, सन १३३१ फसलीच्या अर्दीबेहेश्त महिन्यात, म्हणजे निजामी सालातल्या उन्हाळ्याच्या तोंडी, माझ्या स्वतःच्या कागदावरच्या एका रकान्यापाशी अडलो आणि पुढचे पाच आठवडे अडूनच राहिलो.

कागद वजीफ्याचा होता. वजीफा म्हणजे आमच्या सरकारचं पेन्शन. माझं नाव, वडिलांचं नाव, ओळखीची खूण (डाव्या भुवईवर तीळ) हे मी एका दमात लिहिलं. बायकोच्या नावापाशी दौत जरा सुकली, कारण घरात तीस-बत्तीस वर्षं मी तिला 'अगं' म्हणत आलो. पण नाव मला माहीत होतं. लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अंगठीनं ते मीच लिहिलं होतं. विमलबाई, असं लिहून मी पुढच्या रकान्यावर आलो. तिथं छापलं होतं : 'नोकरीनंतर राहण्याचं गाव आणि जवळचा सरकारी खजिना.'

आता गाव असं मला नव्हतंच. वडीलही बदलीचे नोकर. जन्मगाव कोणतं म्हणून कुणी विचारलं तर मी तालुका सांगत असे. पोटी लेकरू नाही, त्यामुळे कुणाकडे जाऊन राहण्याचाही प्रश्न नव्हता. सगळं बीड जिल्ह्याचं मैदान मोकळं होतं आणि माणसाला मोकळं मैदान दिलं की तो कसा कावराबावरा होतो, हे मी तेव्हा शिकलो.

"साहेब, पुढचा खुरदाद महिना संपायच्या आत कागद हैदराबादला गेला पायजे," आमच्या कचेरीतला कारकून शहादेव म्हणाला. "न्हाई गेला तर त्या पाटोद्याच्या गिरदावरासारखं व्हायचं."

त्या गिरदावराचा, म्हणजे महसुली तपासनीसाचा, कागद एका रकान्यासाठी परत आला होता. तो भरून पाठवला, तर दुसऱ्यासाठी परत आला. तिसऱ्यांदा मंजूर होऊन आला तेव्हा गिरदावर वारून चौदा महिने झाले होते, आणि अर्जदार समक्ष हजर का झाला नाही याचा खुलासा त्याच्या विधवेकडून मागवण्यात आला होता. तो खुलासा मीच लिहून दिला होता. त्यामुळे मला त्या रकान्याची जी धास्ती होती, ती ऐकीव नव्हती.

माझ्या अपेक्षा फार नव्हत्या. गाव मोठं नको, कारण मोठ्या गावात पाहुणे येतात. अगदी लहानही नको, कारण तिथं वैद्य येत नाही. राहणं परवडावं, भाजी रोज मिळावी, आणि सोंगट्या खेळायला असा एक गडी मिळावा की जो हरल्यावर चिडणार नाही. एवढं मी शेजारी आप्पारावांना सहज बोललो आणि तिथं घात झाला.

आप्पाराव जंगलखात्यातून नाकेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर सल्ला देणं हेच त्यांचं काम होतं. "धारूर," ते म्हणाले. "डोळे झाकून धारूर. डोंगरावरची हवा. उन्हाळ्यात पांघरूण लागतं. शिवाय आपलं घर तिथं रिकामंच पडलंय. लई हवेशीर हाय."

शहादेवचं म्हणणं माजलगाव. तिथं त्याची मावशी, रतनबाई राहत होती. धान्य स्वस्त आणि माणसं प्रेमळ. तहसीलदारसाहेबांनी एका वाक्यात सांगितलं की, सुसंस्कृत माणसानं बीड सोडून कुठं राहू नये. ते स्वतः कधी एकदा हैदराबादला बदली होते याची वाट पाहत होते.

मी रीतसर एक मिसल, म्हणजे कचेरीतल्यासारखी फाईल, उघडली. वर तीन गावांची नावं, बाजूला हवा, धान्य, वैद्य, शेजार आणि चोर असे पाच रकाने. शेवटी शेऱ्यासाठी जागा. एका संध्याकाळी ती मी सगळी बायकोला वाचून दाखवली. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. माझं वाचून झाल्यावर तिनं सूप एकदा पाखडलं आणि म्हणाली, "पाणी आणा."

मी तांब्या आणायला उठलो.

"इथलं नाही. त्या गावांचं. माझी आत्या सांगायची, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही तिथं बिऱ्हाड करू नये. अकरा गावं झाली आपली. पाटोद्याला डाळ दुपारपर्यंत चुलीवर असायची आणि तरी कडकड वाजायची. तेव्हा तुम्हाला दात होते."

हा मुद्दा बिनतोड होता. माझे पुढचे चार आणि मागचा एक एवढेच उरले होते, आणि त्या पाचांचंही आपसांत पटत नव्हतं. म्हातारपण म्हणजे दुसरं काय, तर दोन वेळा मऊ वरण. एवढी मोठी मिसल केली आणि पाण्याचा रकाना राहिला, याची मला शरम वाटली. दुसऱ्या दिवशी मी बारा दिवसांची रजा टाकली. बायकोनं फिरकीच्या झाकणाचे तीन तांबे चिंचेनं घासून लख्ख करून दिले. सुग्रीव नावाचा गाडीवान ठरवला, त्याची छपराची दमणी घेतली आणि निघालो. बायको दारात उभी होती. निघताना तिला काहीतरी बोलायचं असावं असं मला वाटलं, पण बैल नवे होते आणि उभे राहत नव्हते.

माजलगावात रतनबाईंनी माझी व्यवस्था उत्तम ठेवली होती, फक्त ती गावभर सांगून ठेवली होती. सकाळी ओट्यावर आलो तर अठरा माणसं बसलेली. पेशकारसाहेब आलेत, तेव्हा वारसाचं काम होईल, बांधाचं होईल, निदान अर्ज तरी फुकट लिहून होईल. दुपारपर्यंत मी सात अर्ज लिहिले. रतनबाई तीनदा ताट झाकून गेल्या. शेवटचा म्हातारा उठताना माझे हात धरून म्हणाला, "तुमी हितंच ऱ्हायला या साहेब. आमी रोज येत जाऊ." शेजाराच्या रकान्यात मी 'प्रेमळ' असं लिहिलं, थोडा विचार करून त्याच्यामागे 'फार' घातलं आणि पाणी भरून घेतलं.

इथं माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती सवयीनं घडली. तांब्याची फिरकी घट्ट बसवल्यावर मी तोंडाला फडकं बांधलं, गाठीवर लाख ओतली, तीवर कचेरीच्या पद्धतीनं ठसा उमटवला आणि उर्दूत चिठ्ठी चिकटवली : गाव, विहीर, तारीख, भरणाऱ्याची सही. सुग्रीवनं हे सगळं बैलांना पेंड घालता घालता पाहिलं.

तेलगाव मागे टाकून आम्ही धारूरचा घाट चढलो. हवा खरोखर छान होती. आप्पारावांचं घर तर इतकं हवेशीर निघालं की मागच्या दोन खोल्यांवर छप्परच नव्हतं. मधल्या खोलीत एक शेळी व्याली होती आणि तिनं आमच्याकडे भाडेकरूनं पाहावं तसं पाहिलं. मी ते घर मनातल्या मनात आप्पारावांना परत करून टाकलं आणि विहिरीवर गेलो.

पोहरा सोडला, तांब्या भरला, पाणी जिभेवर घोळवलं आणि लाख तापवायला बसलो. म्हाळू नावाचा एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून पाहत होता. "सायेब, ह्ये काय चाललंय?" त्यानं विचारलं.

माणसानं सरळ सांगावं, की बाबा, डाळ शिजवून बघायची आहे. पण बत्तीस वर्षांची जीभ. मी म्हणालो, "पाण्याची चौकशी चालू आहे."

म्हाळू मेंढरं तिथंच टाकून गावात गेला. तासाभरात मी दुसऱ्या विहिरीकडे वळलो तर तिच्यावर बोराट्या टाकलेल्या. तिसरीवर एक बाज पालथी घातली होती आणि बाजेवर एक आजोबा झोपले होते. चौथ्या घरातल्या माणसानं मी काही विचारण्याआधीच हात जोडले. "ही हीर आमची न्हाई साहेब. कुनाची हाय ते बी ठाव न्हाई. आमी बापजाद्यापासून शेजाऱ्याचं पानी पितो." शेजारी बाजूलाच उभा होता. त्यानंही आपली विहीर नसल्याचं शपथेवर सांगितलं. सरकारनं विहिरींवर नवी पट्टी बसवली आहे आणि गेवराईचा पेशकार लाख-मोहर घेऊन मोजणीला आला आहे, ही बातमी तोपर्यंत किल्ल्यापर्यंत पोचली होती.

संध्याकाळी हरिबा नावाचे एक वजनदार गृहस्थ पाच जणांना घेऊन आले. मी त्यांना खरं सांगितलं. म्हणालो, मी नोकरीतून मोकळा होतोय, म्हातारपणी राहायला गाव शोधतोय, म्हणून पाणी नेतोय. पाचही जणांनी हरिबांकडे पाहिलं.

"मानूस पान्याच्या चवीसाठी मोहर लावत कावून फिरंल?" एक जण कुजबुजला.

हरिबांना माझं म्हणणं पटलं होतं, पण भलत्याच वाटेनं पटलं होतं. "म्हंजी सरकार हितं कायमचा मानूस बशिवनार," ते हळूच बाकीच्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून अतिशय आदरानं म्हणाले, "साहेब, आमचं गाव तुमच्या जोगतं न्हाई. वारं लई वंगाळ. गेवराईच बरी. थितंच ऱ्हावा." पहाटे निघालो तेव्हा दमणीत कुणीतरी तुपाचं एक गाडगं ठेवून दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला लाच मिळाली, ती मी एका गावात राहू नये म्हणून. गाडगं मी म्हाळूच्या हाती परत दिलं आणि घाट उतरेपर्यंत कुणाशीच बोललो नाही. तसं बोलायला सुग्रीवच होता.

केजच्या अलीकडे चोरटी दारू धरणारी आबकारीची चौकी लागली. तिथला जमादार सावलीला खाट टाकून पडला होता. खुरदादचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, त्यामुळे आम्हाला पाहून त्याला आनंद झाला. त्यानं दमणीत डोकं घातलं, लाखेच्या मोहरा पाहिल्या आणि त्याचा आनंद वाढला.

"परवाना?"

"पाणी आहे," मी म्हणालो.

"पान्याला लाख कोन लावतं बे?"

मी पगडी सारखी करून माझा हुद्दा सांगितला. त्यावर तो सावरून बसला, पण सोडेना. उलट म्हणाला, साहेब लोकांचाच माल असा बंदोबस्तात जातो. पंचनामा करावा लागेल. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून पंचनामा मीच लिहायला घेतला. स्वतःविरुद्ध मी लिहिलेला हा एकमेव कागद, पण अक्षर बिघडू दिलं नाही. जमादारानं माजलगावच्या तांब्याची लाख फोडली. रंग : नाही. वास : नाही. चव ठरवण्यासाठी त्यानं एक घोट घेतला. खात्री करण्यासाठी दुसरा घेतला. मग डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला तो रिकामा झाल्यावरच खाली ठेवला.

"माल निघाला न्हाई," तो तृप्त आवाजात म्हणाला. "लई ग्वाड हाय. आता दुसरा आना."

"आना की," सुग्रीव बैलांच्या जुवाला हात लावत म्हणाला. "त्याच्यात धारूरला बेडकीचं पिल्लू गेलतं. मी सांगनारच व्हतो."

जमादारानं दुसऱ्या तांब्याची तपासणी दुरूनच पुरी केली. अशा रीतीनं धारूर वाचलं आणि माजलगाव सरकारजमा झालं.

पुढं बीडच्या वाटेवर चौसाळा लागतं. ते माझ्या मिसलीत नव्हतं. तिथं खजिना नाही, वैद्य नाही. माझी पहिली नेमणूक तिथली, साधा कारकून म्हणून. तिथल्या दोन वर्षांत मी घरी फार तर सहा महिने असेन, बाकी सगळा काळ साहेबांच्या मागे जमाबंदीच्या दौऱ्यावर. गावाबद्दल मला एवढंच आठवत होतं की तिथून माझी बदली लवकर झाली.

डावा बैल लंगडत होता म्हणून सुग्रीवनं गावाबाहेरच्या आडावर गाडी सोडली. मी खाली उतरलो. दहा दिवसांची धूळ अंगावर, पगडीचा रंग कुठला कुठं गेलेला. कुणी रामराम केला नाही. कुणी उठूनसुद्धा उभं राहिलं नाही. मला ते लागलं हे कबूल करतो. आणखी महिन्यानं सगळ्याच गावांत असंच होणार, हा विचार तोवर मी कोणत्याच रकान्यात लिहिला नव्हता.

आडावर एक म्हातारी मेंढरांना पाणी दाखवत होती. कपाळावर ठसठशीत गोंदण, हातात पोहऱ्याचा दोर. तिनं न विचारता माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. पाणी ओतता ओतता ती माझ्या भुवईकडे टक लावून पाहत होती.

"तू वच्छीचा मालक न्हवं का रं?"

मी पाणी पिऊन मिशा पुसल्या. "कोण वच्छी?"

"वच्छी. बरी हाय का ती?"

"आजी, तुमची गफलत होते आहे," मी शक्य तेवढ्या भारदस्तपणे म्हणालो. "आमच्या घरात वच्छी नावाचं कुणी नाही."

तिनं पोहरा पुन्हा आडात सोडला. "आसंल मग दुसरा कुनी," ती म्हणाली. "लई दिस झाले." तिचं लक्ष दमणीतल्या उघड्या तांब्याकडे गेलं. "ह्यो रिकामा कावून नेतूस घरी? बाईनं घासून दिलेलं भांडं रिकामं न्हेऊ न्हाई." माझ्या होकाराची वाट न पाहता तिनं तांब्या काठोकाठ भरला आणि आपल्या पदरानं बाहेरून पुसून दिला. लाख संपली होती, म्हणून मी त्यावर मोहर लावली नाही.

बीडला मी एका ओळखीच्या वकिलांकडे एक दिवस राहिलो. त्या एका दिवसात त्यांच्याकडे पाहुण्यांच्या चार पंगती उठल्या आणि चौथ्या पंगतीत मी स्वतः पाहुणा असून वाढायला होतो. तिथला तांब्या भरून मी घरी आलो.

डाळीचा निकाल पंचांसमक्ष लावायचा असं मी ठरवलं होतं. धारूरतर्फे आप्पाराव आले. शहादेव माजलगावतर्फे आला आणि त्याचा तांब्या जमादारानं प्यायला हे कळल्यावर त्यानं लेखी हरकत नोंदवू का म्हणून विचारलं. तीन चुलाणं, तीन सारखी भांडी, मुठीमुठीनं मोजलेली डाळ. बायको मधे बसून तिन्हीकडे सारखा जाळ लावत होती. अर्ध्या घटकेत बीडच्या भांड्याला फेस आला. घटकेभरात दाणा बोटानं चेपला. धारूरची डाळ मागोमाग आली आणि आप्पारावांनी ती डोंगरी असल्यामुळे सावकाश पण मुरून शिजते असा दावा केला. चौसाळ्याची मात्र तळाशी तशीच ताठ बसून होती. दीड घटकेनं मी दाणा दाताखाली धरला तेव्हा माझ्या पाचातला एक सरळ हलला.

"बीड," शहादेव म्हणाला. आप्पारावांनीही कुरकुरत मान हलवली. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पाच आठवड्यांचा घोळ एका फेसानं मिटला. त्या दोघांना निरोप देऊन मी पाटावर बसलो, बीडचं वरण भातावर घेतलं, आणि पोट भरत आलं तसा दौऱ्यातल्या गमती सांगू लागलो. शेळी सांगितली, बाजेवरचे आजोबा सांगितले, जमादार सांगितला. बायको पदराआड हसत होती. तेव्हा मला आणखी एक गंमत आठवली.

"आणि चौसाळ्याला तर कमालच. एक म्हातारी म्हणे, वच्छी बरी आहे का."

वाढायची पळी वरणाच्या भांड्यातच राहिली. "मग?" बायको म्हणाली.

"मग काय. मी म्हटलं, आमच्याकडे वच्छी नावाचं कुणी नाही."

चुलीतलं लाकूड तिनं मागे ओढलं, परत आत सारलं.

"कपाळावर गोंदण होतं?"

"होतं."

"भिवराबाई," ती म्हणाली. "अजून आहे म्हणजे." मग माझ्या ताटाकडे पाहत म्हणाली, "वच्छी मीच. वत्सला. माहेरचं नाव माझं. तुम्ही तांदळावर विमल लिहिलंत तोवर तेरा वर्षं मी वत्सलाच होते. चौसाळ्याला आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, पोरी, तुझं तुझं नाव काय. तिच्यानंतर कुणी विचारलं नाही. कारकुनीणबाई झाले, गिरदावरीणबाई झाले, पेशकारीणबाई झाले."

मी घास खाली ठेवला.

"मला हिवताप झाला होता तिथं. एकवीस दिवस. तुम्ही जमाबंदीला होतात. तुम्हाला कळवलंच नाही, कारण तुम्ही कुठल्या गावी आहात ते कुणालाच माहीत नव्हतं. एकवीस दिवस ती मेंढरं नवऱ्यावर टाकून माझ्या उशाशी बसली. वच्छे, ऊठ. वच्छे, दूध घे. एवढंच आठवतं."

मला लाज वाटली. उभ्या जिल्ह्यातल्या माणसांची नावं, बापाची नावं, आज्याची नावं मला तोंडपाठ होती, आणि घरातल्या एका माणसाला मी एका म्हाताऱ्या बाईसमोर, पगडी सावरून, नाही म्हणून आलो होतो. मी तसं बोललोही. "चुकलं माझं," एवढंच बोलता आलं.

ती उठली आणि कोपऱ्यातून चौसाळ्याच्या तांब्यातलं उरलेलं पाणी घेऊन आली. थोडं स्वतः प्यायली.

"तिथं जाऊ," ती म्हणाली.

"अगं, पण तिथं डाळ शिजत नाही."

"मी आदल्या दिवशी भिजत घालीन."

"मग हे पाण्याचं सगळं कशाला काढलंस तू?"

"तुम्ही गावं बघायला निघालात," ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा मला, चल, म्हणालात का? म्हणून म्हटलं, निदान पाणी तरी आणा."

ती सबंध मिसल मी दुसऱ्या दिवशी बंबात घातली. खुरदादचे दोन दिवस उरले होते. कचेरीत गेलो आणि रकाना भरला : गाव चौसाळा, खजिना बीड. तहसीलदारसाहेबांनी तो दोनदा वाचला. "इतकं हिंडून चौसाळा?" ते म्हणाले. आप्पाराव तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि शहादेवनं सगळ्यांना सांगितलं की उन्हानं साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

आम्ही चौसाळ्याला उतरलो तेव्हा भिवराबाई गाडीपाशीच उभी होती. तिनं बायकोच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तर म्हनलास, न्हाई म्हून." मी सामान उतरवायला सुग्रीवला मदत करू लागलो. तसं मी सामान कधी उचलत नाही.

वजीफ्याचा पहिला हप्ता घ्यायचा म्हणजे हयातीचा दाखला लागतो. आपण जिवंत आहोत एवढं पुरत नाही. आपण आपणच आहोत हे राहत्या गावच्या माणसानं खजिन्यात येऊन सांगावं लागतं. भिवराबाईला बीडच्या बाजारात घोंगड्या विकायच्याच होत्या. ती म्हणाली, "मीच येते. ह्याला एकट्याला कुठं धाडता." खजिन्याच्या मुन्शीसमोर मी माझी बत्तीस वर्षांची प्रशस्तिपत्रं मांडली. त्यानं ती बाजूला सारली आणि म्हातारीला विचारलं, "इनकू पैचानते क्या?"

"वळखते की," भिवराबाई म्हणाली. "ह्यो आमच्या वच्छीचा मालक."

"नाम?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, भुवईवरच्या तिळाकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. "नाव कुनाला ठाव बा. आमच्याकडं समदे वच्छीचा मालकच म्हनत्यात."

मुन्शीनं लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मीही बत्तीस वर्षं अशाच ठिकाणी लेखणी थांबवून लोकांकडे पाहत आलो होतो. रकाना मोकळा ठेवून चालणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तेच लिहा," मी म्हणालो.

त्यानं सरकारी उर्दूत, वळणदार अक्षरात लिहिलं : 'शौहर-ए-वच्छी, साकीन चौसाळा, हयात.' वच्छीचा मालक, राहणार चौसाळा, जिवंत. मी खाली सही केली.